बडोदं बघायला येताय? आम्हा हौशी गाइडांना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी आम्ही काही बडोदेकर पाहुण्यांना जुनं शहर पायी फिरवतो. फोनवर, न्यायमंदिरासमोर उभं असताना, चालता चालता तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय. काही उत्तरं लांबलीत, पण ज्यांना खरंच यायचंय ते वाचतील.

तुम्ही नक्की कोण? सरकारी आहात का?

नाही. शाळेत शिकवणारे, बँकेतून रिटायर झालेले, फाइन आर्ट्सची दोन पोरं, एक मेडिकलवाले काका, असे आम्ही साताठ जण. ऑफिस नाही, बोर्ड नाही, गळ्यात कार्ड नाही. मी स्वतः दांडिया बाजारात वाढले, लग्न होऊन शेजारच्याच वाडी नावाच्या भागात गेले, म्हणजे सगळं आयुष्य या दोनतीन किलोमीटरात गेलंय आणि त्याचंच मला कौतुक आहे.

पैसे किती घेता?

काहीच नाही. टिप पण नाही. राजवाड्याचं, म्युझियमचं तिकीट तुमचं तुम्ही काढायचं, चहा आम्ही पाजला तर प्यायचा.

फुकट फिरवता, मग ज्यांचं पोट यावर चालतं त्या गाइडांचं काय?

हा प्रश्न पहिल्यांदा एका रिक्षावाल्या भाऊंनी विचारला होता आणि बरोबर विचारला होता. तेव्हापासून आम्ही नियम केलाय की जिथे लायसनवाले गाइड उभे असतात तिथे आपण गाइडगिरी करायची नाही. शहराबाहेरच्या चांपानेरला, म्हणजे युनेस्कोच्या यादीतल्या जागेला जायचं असेल तर तिथला गाइड घ्या, त्याला त्याचे पूर्ण पैसे द्या, घासाघीस करू नका. आम्ही फक्त पोळी (म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्यांतल्या वस्त्या, एकेक वस्ती म्हणजे पोळ), बाजार, दरवाजे, वाडे असं फिरवतो, जिथे पाहुणा एकटा आला तर बघून न बघितल्यासारखा निघून जातो. कुणाच्या तोंडचा घास काढून समाजसेवा होत नाही.

गुजरातमध्ये एवढी मराठी माणसं आली कुठून?

पुण्यामुंबईहून आलेला प्रत्येक ग्रुप पहिल्या दहा मिनिटांत हे विचारतोच, विशेषतः एखाद्या दुकानदाराने "या ताई" म्हटलं की. थोडक्यात सांगायचं तर गायकवाड मूळचे पुण्याजवळचे, तळेगावच्या सेनापती दाभाड्यांच्या हाताखालचे सरदार. पिलाजीराव गायकवाडांनी आधी सोनगडला ठाणं केलं, तिथून गुजरातेत चौथाई सरदेशमुखी वसूल करत करत पुढे सरकले, आणि १७३४ पासून बडोदं कायमचं मराठ्यांकडे आलं. त्यानंतर १ मे १९४९ ला संस्थान विलीन होईपर्यंत इथे गायकवाडांचं राज्य. म्हणजे दोनशेवर वर्षं. एवढ्या काळात कारकून आले, भटजी आले, पागेदार आले, मास्तर आले, गवई आले, आणि इथलेच झाले. आमच्या घरात आई मराठी बोलायची, भाजीवालीशी गुजराती, आणि दोन्ही भाषा एकाच वाक्यात यायच्या, त्यात आम्हाला काही वेगळं वाटायचं नाही.

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, बाबाजीपुरा या भागात फिरलात तर घरांवरच्या पाट्या वाचत जा, जोशी, मोरे, शिंदे, जाधव, कुलकर्णी, आणि मधेच शहा, पटेल. देवउठी एकादशीला मांडवीच्या विठ्ठल मंदिरातून वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक, निघते तेव्हा या, पालखी पाहताना गुजराती आणि मराठी बायका शेजारी शेजारी उभ्या असतात आणि दोघी आपापल्या भाषेत तेच मागत असतात. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, ९१ वं, २०१८ साली इथेच झालं होतं. त्यामुळे "इथे मराठी टिकून आहे का" असं कुणी विचारलं की मी नुसती चालत राहते, पुढच्या गल्लीत उत्तर मिळतंच.

आणि हो, इथे आपण "बडोदेकर". किराणा घराण्याच्या हिराबाई बडोदेकर हे नाव ऐकलं असेल, तर तो बडोदेकर म्हणजे हेच बडोदं. त्यांचे वडील अब्दुल करीम खाँ इथे दरबारात गात होते, आई ताराबाई माने बडोद्याच्या.

वॉक कुठून कुठे असतो आणि किती वेळ?

सकाळी साडेसातला न्यायमंदिरासमोर. तीन तास धरा, बोलक्या ग्रुपला साडेतीन लागतात.

न्यायमंदिर १८९६ चं. मूळ बेत भाजी मंडईचा होता, मग कोर्ट झालं, आणि नाव पडलं महाराणी चिमणाबाई न्यायमंदिर. कोर्ट आता दुसरीकडे गेलंय. या चिमणाबाई म्हणजे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाडांच्या पहिल्या राणी, तंजावरच्या मराठा घराण्यातल्या, १८८० ला लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्यासोबत तंजावरचे नर्तक आणि वादक पण आले. विचार करा, तंजावरचं नृत्य बडोद्याच्या दरबारात, तेही एका मराठी मुलीच्या माहेरच्या लोकांबरोबर.

तिथून लहरीपुरा दरवाज्यातून आत. कोटाच्या आतलं शहर अगदी सोपं आहे, चार दिशांना चार दरवाजे, पश्चिमेला लहरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर दरवाजा, दक्षिणेला गेंडीगेट, आणि चारही रस्ते जिथे भेटतात तिथे मांडवी, म्हणजे कमानींचा जुना मंडप. मांडवीखाली उभं राहून चारी बाजूंना बघितलं की नकाशा लागत नाही. आम्ही पाहुण्यांना तिथे एक मिनिट गप्प उभं करतो, सकाळी फुलवाले टोपल्या उतरवत असतात, दुकानांची शटरं वर जायला लागलेली असतात, स्कूटरवाले हॉर्न मारत मधूनच घुसतात, आणि हे सगळं त्या जुन्या कमानींच्या आजूबाजूला चाललेलं असतं.

मग सेंट्रल लायब्ररी, हे माझं सगळ्यात लाडकं ठिकाण, पण याबद्दल खाली वेगळं लिहिते. मग परत फिरून रावपुऱ्यात तांबेकर वाडा, आणि शेवट सुरसागर तलावापाशी.

लायब्ररीत काय बघायचंय? पुस्तकंच ना?

आत जाऊन एकदा पायाखाली बघा. पुस्तकांच्या कपाटांमधली फरशी काचेची आहे. जाड, दुधाळ काच. वरच्या मजल्यावरचा उजेड खाली झिरपतो आणि खाली कुणी पुस्तक शोधत असेल तर त्याची सावली हलताना दिसते. पहिल्यांदा माणसं पाय जपून टाकतात, मग हळूच हात लावून बघतात. कपाटं लोखंडाची. लाकूड नाही म्हणजे वाळवी नाही, काच आहे म्हणजे भर दुपारी दिवा लावायची गरज कमी. इतका विचार पुस्तकांसाठी.

१९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि आख्ख्या संस्थानात लायब्ररीचं जाळं विणलं, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. पण हे नुसतं सांगून कळत नाही, त्याआधीची गोष्ट जोडावी लागते. १८९३ ला अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, १९०६ ला ते सगळ्या संस्थानात लागू केलं. म्हणजे आधी वाचायला शिकवलं आणि मग वाचायला पुस्तक दिलं. शाळेत शिकवते म्हणून असेल, पण हे सांगताना माझा आवाज दर वेळी थोडा चढतो आणि मी तो खाली आणत नाही. वाचणारे लोक बसलेले असतात म्हणून हे सगळं आम्ही बाहेर सांगतो, आत शिरल्यावर एक शब्द नाही.

सयाजीराव खरंच शेतकऱ्याचा मुलगा होता का?

हो. नाशिक जिल्ह्यातलं मालेगावजवळचं कवळाणे, तिथल्या गायकवाडांच्या शाखेतला गोपाळराव, जन्म १८६३. मल्हाररावांना इंग्रजांनी १८७५ ला गादीवरून काढलं, तेव्हा खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंनी दत्तक घेण्यासाठी मुलं बोलावली. बारा वर्षांचा हा मुलगा निवडला गेला. त्यांना विचारलं म्हणे, "तुम्ही इथे कशाला आलात?" आणि गोपाळराव म्हणाला, "राज्य करायला." ही गोष्ट आम्ही "असं सांगतात" म्हणूनच सांगतो. पुढे १८८१ ला कारभार हातात आला आणि १९३९ पर्यंत त्याने राज्य केलं, हे मात्र "सांगतात" मधलं नाही, हे लिहिलेलं आहे.

हा "सांगतात" आणि "लिहिलंय" काय प्रकार आहे? तुमचे सगळे गाइड तसंच बोलतात.

मुद्दाम बोलतात. आमच्यात तीन शब्द ठरलेत. जे कागदावर, शिलालेखावर, रेकॉर्डमध्ये आहे ते "लिहिलंय". जे लोकांच्या तोंडी आहे ते "सांगतात". आणि जे आपल्या डोळ्यांसमोर घडलं ते "मी पाहिलंय". प्रत्येक गोष्ट सांगताना यातला एक शब्द लावायचाच. लक्ष्मी विलास राजवाड्याचं उदाहरण घ्या. आर्किटेक्ट मेजर चार्ल्स मँट याला वाटलं की आपलं गणित चुकलं, इमारत कोसळणार, आणि त्याने जीव दिला, ही गोष्ट बडोद्यात प्रत्येकाला पाठ आहे. मँट १८८१ ला गेला आणि काम पुढे रॉबर्ट चिझमने पूर्ण केलं, हे "लिहिलंय". गणित चुकल्याच्या भीतीने जीव दिला, हे "सांगतात". पाहुण्याला दोन्ही ऐकायला आवडतं, फक्त त्याला कळलं पाहिजे की कुठली गोष्ट कुठल्या पिशवीतली आहे.

लक्ष्मी विलास पॅलेस बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट मोठा आहे, बरोबर ना?

दर दुसऱ्या फोनवर हा प्रश्न असतो आणि लोकांना "हो" ऐकायचं असतं. पण जरा हिशोब करू. नेटवर सगळीकडे राजवाड्याचा आकडा फिरतो ३,०४,९२,००० चौरस फूट. आता एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, त्याला ७०० ने गुणा. बरोब्बर तोच आकडा येतो. म्हणजे तो इमारतीचा आकडा नाहीच, बागा, मैदानं, झाडी सगळं धरून आख्ख्या आवाराचे एकर आहेत ते. आणि त्याच्यासमोर बकिंगहॅमचा जो ८,२८,८२१ चौरस फूट ठेवतात तो नुसत्या इमारतीच्या मजल्यांचा. एकाचं शेत आणि दुसऱ्याचं घर मोजून कोण मोठा ते कसं ठरवणार?

मला याचा राग येतो तो एवढ्यासाठी की राजवाड्याला या मापाची गरजच नाही. १८९० ला पूर्ण झालेली इमारत आहे, दरबार हॉलमध्ये मोझॅकची जमीन, रंगीत काचेच्या खिडक्या, फेलिची या इटालियन शिल्पकाराचं काम, आणि राजा रविवर्म्याने बडोद्यासाठी केलेली पौराणिक विषयांवरची १४ चित्रं. त्यातली बरीचशी आवारातल्या महाराजा फतेहसिंह म्युझियममध्ये बघायला मिळतात. रविवर्म्याची ही चित्रं तुम्ही कॅलेंडरवर, आजीच्या देवघरात शंभर वेळा पाहिली असतील, इथे मूळ ऑइल पेंटिंग बघा, साडीच्या जरीवर उजेड कसा पडलाय ते अर्ध्या फुटावरून बघा.

राजवाड्यात आम्ही सोबत येत नाही, तिथे ऑडिओ गाइड चांगला आहे. सोमवारी बंद असतो, आत फोटो काढू देत नाहीत. राजघराणं अजून तिथे राहतं, त्यामुळे जिथे दोरी लावलीय तिथे थांबायचं.

चित्रांची आवड आहे, अजून कुठे जाऊ?

दोन ठिकाणं. तांबेकर वाडा, दिवाण भाऊ तांबेकरांचा, लाकडी, मराठी पद्धतीचा, आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. वरच्या खोलीत भिंती, दारं, छताखालचे पट्टे सगळं रंगवलेलं, कृष्णलीला, महाभारत, मराठे आणि इंग्रजांची लढाई, आणि मधेच साहेब मडमा. जिना अरुंद आणि उंच आहे, वर जाताना पुढच्याची टाच तुमच्या नाकासमोर असते.

दुसरं कीर्ती मंदिर. गायकवाड घराण्याचं स्मारक, १९३६ चं. आत नंदलाल बोस यांनी भिंतींवर चित्रं काढलीयत, गंगावतरण, महाभारत, मीरा, नटीर पूजा. शांतिनिकेतनचा माणूस बडोद्यात येऊन भिंत रंगवतो आणि बहुतेक बडोदेकर शेजारच्या रस्त्याने रोज गाडीवरून जातात आणि आत एकदाही गेलेले नसतात, मी पण पस्तिशीत पहिल्यांदा गेले. बाहेरून शिखरावर बघा, सूर्य, चंद्र आणि पृथ्वी आहे, आणि त्या पृथ्वीवर अखंड भारताचा नकाशा.

तुम्ही सयाजीबागेत बाबासाहेबांची गोष्ट सांगता असं ऐकलं. ती टूरिस्टला कशाला?

सांगतो, आणि पूर्ण सांगतो. पहिल्या वर्षी आमच्यातच यावर वाद झाला होता, एक जण म्हणाला पाहुणे सुट्टीवर आलेत, त्यांना जड गोष्टी नको. माझं म्हणणं तेव्हा होतं तेच आज आहे.

१९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकायला गेले ते बडोदा संस्थानच्या स्कॉलरशिपवर, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. हे सगळे अभिमानाने सांगतात. अटीप्रमाणे ते १९१७ ला बडोद्यात नोकरीला आले. आणि या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. हॉटेलात जागा नाही, घर नाही, शेवटी एका पारशी धर्मशाळेत उतरले तर लोक काठ्या घेऊन आले आणि बाहेर काढलं. ऑफिसात फाइल हातात न देता लांबून टाकायचे. कमाटीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, ते झाडाखाली बसले होते आणि तिथेच त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लढायचा संकल्प केला, तो २३ सप्टेंबर १९१७ चा दिवस मानतात, त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात आणि दर वर्षी लांबून लांबून लोक तिथे येतात.

राजाने परदेशी पाठवलं आणि राजाच्याच शहराने खोली दिली नाही. यातलं पहिलं वाक्य सांगून थांबणारा गाइड आम्हाला नको. एकदा नागपूरहून एक कुटुंब आलं होतं, आजी, मुलगा, सून, दोन नातवंडं. आजी बाकी कुठेच उतरल्या नाहीत, रिक्षातच बसून होत्या, फक्त बागेत आल्यावर चप्पल काढून चालल्या, झाडापाशी गेल्या, खाली बसल्या आणि माती बोटाने उचलून कपाळाला लावली. मी जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं काहीच बोलले नाही.

पोळीत फोटो काढू शकतो का?

पोळ म्हणजे लोकांचं घर आहे, ओटा म्हणजे त्यांची बैठक आहे. विचारून काढा. कपडे वाळत घातलेत, आंघोळ करून कुणी केस पुसतंय, त्याचे फोटो नाही म्हणजे नाही.

सुरुवातीच्या दिवसांत माझ्याकडून मोठी चूक झाली होती. मी बावीस जणांना घेऊन एका अरुंद पोळीत शिरले, एका घराच्या लाकडी खांबाचं कोरीवकाम दाखवत होते, आणि मागच्या चार जणांनी ओट्यासमोर चादरीवर वाळत घातलेल्या गव्हात पाय दिला. बूट घालून. आतून बेन आल्या, काही ओरडल्या नाहीत, नुसत्या खाली बसून ते गहू सुपात भरायला लागल्या, परत धुवायला. मी पण बसले भरायला. तेव्हापासून एका गाइडमागे जास्तीत जास्त दहा माणसं, आणि सगळ्यात पुढे एक जण फक्त खाली बघत चालतो. त्या बेन आता आमच्या ग्रुपला पाणी विचारतात, पण त्याला बराच काळ गेला.

आईवडील सत्तरीचे आहेत, जमेल का?

जमेल, पण आधी सांगा. त्यांच्यासाठी आम्ही न्यायमंदिर ते मांडवी एवढंच ठेवतो आणि मधे दोनदा बसवतो, एक ओटा ठरलेला आहे, तिथले काका स्वतः खुर्च्या काढतात. तांबेकर वाड्याचा जिना गुडघे दुखणाऱ्यांसाठी नाही. व्हीलचेअर जुन्या शहरात फार अवघड जाते, त्यांना आम्ही सयाजीबाग दाखवतो, रस्ते सपाट आहेत.

मुलं कंटाळतील का?

पोळीत कंटाळतात, हे खरं. मुलांना सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये न्या, १८९४ चं आहे. निळ्या देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी बघून परत हॉटेलवर जायला तयार होत नाहीत.

विश्वामित्रीत खरंच मगरी आहेत?

आहेत, शहराच्या मधोमध. ऑगस्ट २०२४ च्या पुरात रस्त्यांवर, सोसायट्यांत आल्या होत्या. पुलावरून बघा, काठावर उतरू नका, सेल्फीसाठी तर अजिबात नाही.

नाश्त्याला काय खायचं?

सेव उसळ. पुणेकर बघितल्या बघितल्या "अरे ही तर मिसळ" म्हणतात, तसं नाहीये. यात मटकी नसते, पांढरा वाटाणा असतो, रस्सा पातळ, वरून हवी तेवढी तिखट तरी स्वतः घालायची, पातीचा कांदा, शेव आणि पाव. शेव एकदम सगळी ओतू नका, थोडी थोडी घाला, नाहीतर लगदा होतो. सोबत न्यायला लीलो चेवडो घ्या, बटाट्याचा, ओलसर, आंबटगोड, फार दिवस टिकत नाही. कुठलं दुकान चांगलं यावर आमच्यात एकमत नाही म्हणून नाव देत नाही, जिथे सकाळी आठला गर्दी दिसेल तिथे बसा. आणि गुजरातेत दारूबंदी आहे, त्याबद्दल आम्हाला काही विचारू नका.

एकच दिवस आहे आणि स्टॅच्यू ऑफ युनिटी पण करायचंय.

मग बडोदं दुसऱ्या खेपेला ठेवा. केवडियाला जाऊन यायचं म्हणजे सगळा दिवस जातो. चांपानेर जवळ आहे, पन्नासेक किलोमीटर, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत, पण त्यालाही अर्धा दिवस पुरत नाही.

कुठल्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात आम्ही वॉक बंद ठेवतो, साडेसातलाच ऊन लागतं. पावसाळ्यात ज्या रविवारी पाणी साचलं असेल त्या रविवारी सकाळी मेसेज येईल. नवरात्रात पण वॉक नसतो, आमचे अर्धे गाइड रात्रभर गरब्यात असतात.

मराठी येत नसेल तर?

गुजराती, हिंदी, इंग्रजी सगळं चालतं. बुकिंग करताना सांगा म्हणजे तसा माणूस देतो.

मला पण तुमच्यासोबत गाइड व्हायचंय. काय करावं लागेल?

या, फार गरज आहे. डिग्री लागत नाही, खणखणीत आवाज पण लागत नाही. आधी सहा रविवार नुसतं मागे चालायचं, काही बोलायचं नाही. ग्रुपच्या शेवटी कोण रेंगाळतं, कोण दमलंय, कुणाला बाथरूम हवंय पण लाजून बोलत नाही, हे बघायचं. आमच्याकडे शेवटी चालणारा माणूस पुढे बोलणाऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि बायका, म्हातारी माणसं त्यालाच सगळं सांगतात.

मग एक जागा तुम्हाला देऊ, एकच, समजा चांपानेर दरवाजा. तिथे तुम्ही वेगवेगळ्या वेळी चारपाच वेळा जायचं, शेजारच्या दुकानदारांशी बोलायचं, लायब्ररीत बसून वाचायचं, आणि पाच मिनिटांत काय सांगणार ते आमच्यासमोर सांगायचं. तिथे ते तीन शब्द लागतात, लिहिलंय, सांगतात, पाहिलंय. पाहुण्याने विचारलेलं येत नसेल तर "माहीत नाही, बघून कळवतो" म्हणायचं आणि खरंच कळवायचं. एका पोराने गेल्या वर्षी लहरीपुऱ्यापाशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अकरा दिवसांनी सोलापूरच्या पाहुण्यांना फोन करून दिलं, ते लोक विसरले पण होते. तो पोरगा आता आमचा सगळ्यात चांगला गाइड आहे.

कुठल्याही दुकानातून कमिशन घ्यायचं नाही. पाहुण्यांना घेऊन ओळखीच्या साडीवाल्याकडे जायचं नाही, तो सख्खा मामा असला तरी. दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या जातीच्या मोहल्ल्याबद्दल बोलताना तिथला माणूस शेजारी उभा आहे असं धरून बोलायचं, कारण बहुतेक वेळा तो खरंच उभा असतो.

टिप नाही घेत, मग आम्ही काय देऊ?

जुना फोटो असेल तर द्या. खूप पाहुण्यांचे आजोबा बडोद्यात शिकलेले असतात, कलाभवनात, जिथे दादासाहेब फाळके पण शिकले, किंवा बडोदा कॉलेजात, जिथे अरविंद घोष शिकवायचे. घरी गेल्यावर ट्रंक उघडून बघा, ग्रुप फोटो, सर्टिफिकेट, पोस्टकार्ड, आणि मोबाइलवर फोटो काढून पाठवा, मागे काय लिहिलंय त्याचा पण. अशा एका पोस्टकार्डावरून आम्हाला वाडीतल्या एका खाणावळीचा पत्ता सापडला, ती जागा आता वॉकमध्ये आहे.

वॉक संपल्यावर स्टेशनला कसं जायचं?

सुरसागरवरून रिक्षा मिळते, मीटरने चला म्हणा. रावपुऱ्यातून जायला सांगा म्हणजे पुढे काळा घोडा लागेल, घोड्यावर बसलेले सयाजीराव, त्याच्या बाजूला सयाजीबागेचं गेट, मग विश्वामित्रीचा पूल. पुलानंतर कॉलेजचा मोठा घुमट दिसायला लागला की बॅगा हातात घ्या, स्टेशन आलंच.